खऱ्या वाक्यांचा वर्ग

सोमवार, २ फेब्रुवारी

झाला एकदाचा सुरू! माझ्या पुढच्या खोलीत, माझ्या फळ्यावर, माझा स्वतःचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग. उभा जन्म शाळेत गेला, पण हेडबाईंना न विचारता खडू उचलण्याचं सुख आज पहिल्यांदा कळलं. खडू दोनदा मोडला, पण तो आनंदानं. भीतीनं नव्हे, म्हणजे फारशी नव्हे.

विद्यार्थी चार, चौघेही वयानं घोडे. एक हॉस्पिटलातली नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणतात, मीही म्हणते. एक विमानतळाच्या बसचा ड्रायव्हर, परदेशी पाहुण्यानं तोंड उघडलं की याला घाम फुटतो. एक दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी मुलगी, तिचं नाव मी मनातल्या मनात दातवाली ठेवलंय. आणि खालचे घड्याळजी. यांचं दुकान बरोबर माझ्या पायाखाली. केस पिकलेले, बायकामुलांच्या भानगडीत कधी न पडलेले. आज डोळ्याचं भिंग कपाळावर तसंच विसरून वर आले होते. इतकी वर्षं शेजार, पण "काय, बरं आहे ना" याच्या पुढे आमची गाडी कधी गेली नाही. म्हणाले, परदेशी घड्याळांची माहितीपुस्तकं इंग्रजीत असतात, म्हणून शिकायचंय. कुठल्या घड्याळाचं पुस्तक अडलंय विचारलं तर म्हणाले, सगळ्यांचीच.

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं त्यांनी आल्या आल्या पाहिलं आणि खुर्चीवर चढून चालू करून दिलं. माणूस कामाचा आहे.

आता मुख्य गोष्ट. घराचा भाडेकरार मार्चअखेर संपतोय. चिरंजीव म्हणतात, आई, पुन्हा करार नको, बाबांच्या माघारी एकटी नको राहूस, आता आमच्याकडे राहायला ये. पोटचा गोळा आहे, काळजीनंच बोलतो. पण मला इथून हलायचं नाही. वाद वाढला आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, इंग्रजीच्या परीक्षा घेणारी ती संस्था आहे ना, तिची एकवीस मार्चला तोंडी परीक्षा आहे. माझे सगळेच्या सगळे पास झाले तर मी इथेच राहणार. एक जरी गळला तरी सामान बांधून तुझ्याकडे. तो हसून म्हणाला, "शब्द दिलास हं." दिला तर दिला. विद्यार्थ्यांना मात्र यातलं काही सांगायचं नाही. बिचारे आधीच घाबरलेत, त्यात माझ्या घराचं ओझं कशाला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज वर्गाचा एकमेव नियम जाहीर केला. इथे खोटं वाक्य बोलायचं नाही. पुस्तकातला तो टॉम आणि त्याचा तांबडा चेंडू यांच्यामागे मी उभं आयुष्य धावले. कोण हा टॉम? कुणाचा कोण? माझ्या वर्गात ज्यानं त्यानं आपल्या ओळखीच्या खऱ्या माणसाबद्दल खरं तेच बोलायचं. चूक चालेल, थाप चालणार नाही. खरं बोलताना जीभ अडखळली तरी मन अडखळत नाही, हे माझं जुनं मत आहे.

ड्रायव्हर म्हणाला, बाई, मग माझ्या साहेबाबद्दल बोलायचं झालं तर नोकरी जाईल. म्हटलं, साहेब काही इथे बसलेला नाही. घड्याळजींनी विचारलं, खरं म्हणजे किती खरं? मी म्हटलं, संपूर्ण. ते वहीत काहीतरी लिहून खोडत बसले. बहुतेक संपूर्णला इंग्रजी शब्द शोधत असावेत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज 'हू' आणि 'विच' काढलं. परीक्षेत कुणातरी माणसाचं वर्णन करायला सांगतात आणि तिथे या दोघांवाचून पान हलत नाही. नुसतं 'बाई' म्हटलं तर कुठली बाई? जी नर्स आहे ती. हे 'जी नर्स आहे' काढून टाकलं तर ती बाई गर्दीत हरवली. या तुकड्याला मी नाव दिलं 'ओळख'. ओळख सांगताना मध्ये थांबायचं नाही, श्वासही घ्यायचा नाही. दुसरा तुकडा म्हणजे 'जोड'. माझी आई, जिला गाणं आवडायचं, ती वगैरे. आई एकच. गाण्याचं काढलं तरी आई जागच्या जागी. जोड सांगताना आधी थांबायचं, नंतर थांबायचं, म्हणजे स्वल्पविराम ऐकू येतो. मी प्रत्येक स्वल्पविरामाला डस्टर टेबलावर आपटत होते. खडूच्या धुळीनं सिस्टर शिंकली, तिथेही ड्रायव्हर थांबला. हसून हसून पुरेवाट.

मग एकेकाला उभं केलं. घड्याळजींचं पहिलंच वाक्य: "द लेडी हू लिव्ह्ज अबव्ह माय शॉप वॉक्स व्हेन शी थिंक्स." माझ्या दुकानाच्या वर राहणारी बाई विचार करताना चालते. ओळख अगदी चोख, श्वास न घेता. मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतलं, तीनतीनदा. दातवालीला काय हसू येत होतं कोण जाणे.

पण वाक्य मनाला लागलं. म्हणजे माझ्या येरझाऱ्यांचा खाली त्रास होतो! इतकी वर्षं सोसलं बिचाऱ्यांनी, आणि सांगितलं तेही व्याकरणातून. उद्याच जाड सतरंजी अंथरते.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सतरंजी अंथरली आणि शिवाय घरात मोजे घालून मांजरीसारखी वावरतेय. आज सकाळी दार वाजलं, पाहते तर घड्याळजी, धापा टाकत. विचारलं, तब्येत बरी नाही का? म्हटलं, ठणठणीत आहे, का हो? तर म्हणे, वरून काही आवाजच आला नाही. मी सतरंजी दाखवली. म्हटलं, तुमची तक्रार ऐकून हा बंदोबस्त केला. त्यांचा चेहरा असा झाला की जसं कुणी हातातलं घड्याळ फरशीवर पाडावं.

"तक्रार नव्हती बाई," ते म्हणाले. "ते नुसतं खरं वाक्य होतं."

"मग सतरंजी काढू?"

"काढली तर बरं होईल."

काढली. धूळ फार धरते हे त्यांचं म्हणणं असावं, आणि ते खरंच आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

वर्ग रंगात आलाय! सिस्टर आता रुग्णांबद्दल अशी बोलते की ऐकत राहावं. ड्रायव्हरनं साहेबावर आज सहा वाक्यं केली, सगळी ओळखीची, एकातही स्वल्पविराम नाही, कारण त्याला मध्ये श्वास घ्यायचाच नव्हता. इतकी मजा शाळेत कधी आली नाही. झोपतानासुद्धा मी वाक्यं जुळवते.

फक्त ते घड्याळ. दर वर्गाला मागे पडतं. वर्ग सुटायची वेळ झाली म्हणून खिडकीतून बघावं तर समोरची दुकानं केव्हाच बंद झालेली. म्हणजे आम्ही रोज जास्तीचं बसतो. घड्याळजी वर्गाआधी येऊन ते उघडतात, फुंकर मारतात, लावून ठेवतात, आणि पुन्हा तेच. आज मी सुनावलंच. म्हटलं, सगळ्या गावाची घड्याळं सरळ करता आणि माझं एक धड होत नाही. ते म्हणाले, जुनं आहे, याला वरचेवर बघावं लागेल. मग बघा म्हटलं. आले आहेतच तर फळाही पुसून ठेवतात, तेवढंच माझं काम वाचतं.

रविवार, १ मार्च

मुलाकडे जेवायला गेले होते. माझ्यासाठी ठेवलेली खोली दाखवली. छान आहे, उजेड आहे. सध्या तिथे इस्त्रीचं टेबल आणि नातवाची सायकल आहे, ती हलवणार आहेत. मुलाचा कुणाशी तरी फोन चालू होता. म्हणत होता, माझी आई, जी आता आमच्याकडेच येणार आहे, तिलाही घेऊन येऊ. थांबून, श्वास घेऊन म्हणाला. व्याकरण बरोबर होतं. मला मात्र वाटलं, मी 'जोड' झाले. प्रेमळ जोड, पण जोडच. डोळ्यांत पाणी आलं म्हणून सायकलची घंटी वाजवत बसले.

सूनबाईनं पाहिलं असावं. निघताना हळूच म्हणाली, आई, परीक्षेचा जोर लावा. ती कुणाच्या बाजूनं आहे तेच कळत नाही.

गुरुवार, ५ मार्च

आज जोडवाक्यांचा सराव. घड्याळजी उभे राहिले. "माय शॉप, विच इज स्मॉल, हॅज अ व्हेरी गुड रूफ." माझं दुकान, जे लहान आहे, त्याचं छप्पर फार चांगलं आहे. मी सुधारलं. रूफ म्हणजे इमारतीच्या माथ्यावरचं, तुमच्या डोक्यावर आहे ती सीलिंग, कारण तिच्यावर मी राहते. ते म्हणाले, हो, तेच म्हणायचं होतं. बाकीचे तिघे बाकाखाली काहीतरी शोधायला लागले. पेन्सिली फार पडतात या वर्गात.

जाताना सिस्टर माझा हात धरून म्हणाली, बाई, तुमचं म्हणजे दिव्याखाली अंधार. मी वर पाहिलं, तर खरंच फळ्याखाली सावली पडते. दुसरा दिवा लावून घ्यायला हवा.

सोमवार, १६ मार्च

रंगीत तालीम! मी परीक्षक झाले, चष्मा नाकावर ओढला, आवाज रुक्ष केला. सिस्टर पास. दातवाली पास. ड्रायव्हर घामाघूम, पण पास. मग घड्याळजी. म्हटलं, ओळखीच्या एका माणसाचं वर्णन करा. सगळं इंग्रजीत बोलले, मी अर्थ लिहून ठेवते. म्हणाले, मी एका बाईला ओळखतो जी फळ्याशी बोलते. तिचा आवाज, जो दुकानात ऐकू येतो, तो ऐकता ऐकता माझ्या हातून चिमटा खाली ठेवला जातो. तिचा चहा, जो ती प्यायला विसरते, रोज गार होतो. जी माणसं तिच्याकडे शिकतात ती घरी जायला उशीर करतात.

एक चूक नाही! ओळख तिथे ओळख, जोड तिथे जोड, स्वल्पविराम असे की डस्टर आपटावंच लागलं नाही. मला भरून आलं. हुशार विद्यार्थी परीक्षकाला खूश करायला गुरूवरच निबंध ठोकतात, हे काय मी ओळखत नाही? मी वर्गाला म्हटलं, बाई कोण ते सोडा, रचना बघा. त्यावर ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. त्याला रचना अजून कळत नाही वाटतं.

शेवटी घड्याळजींनी विचारलं, पास झालेल्यांचं पुढे काय? म्हटलं, पास झालात की सुटलात, मग नवे विद्यार्थी. आणि नापास झालेल्यांचं? मी म्हटलं, नापासाला मी सोडत नसते, तो इथेच बसणार. सगळे हसले, ते हसले नाहीत. परीक्षेची धास्ती घेतलेली दिसते. एवढ्या तयारीच्या माणसानं घ्यायची काय गरज?

शनिवार, २१ मार्च

परीक्षा झाली. संस्थेच्या व्हरांड्यात मी पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फिरत होते. तिघे घाम पुसत पण हसत बाहेर आले. घड्याळजी आत गेले आणि लगेच बाहेर. कसं झालं विचारलं, तर म्हणाले, जसं व्हायला हवं होतं तसं. म्हणजे झालंच की काम फत्ते! वाटेत मी सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. भाडेकराराच्या कागदांवर मनातल्या मनात सहीसुद्धा केली.

मंगळवार, २४ मार्च

निकाल लागला. सिस्टर, दातवाली, ड्रायव्हर पास. घड्याळजी नापास.

मी संस्थेत फोन केला. काहीतरी घोटाळा असेल, नावं उलटसुलट झाली असतील. तिथल्या बाई म्हणाल्या, त्यांनी प्रत्येक प्रश्नाला 'आय डोन्ट नो' एवढंच उत्तर दिलं. मी फोन ठेवला. सोमवारी ज्यानं वर्ग गाजवला त्याची शनिवारी दातखीळ बसली. दोष माझाच. मी दडपण देणार नव्हते, पण चेहऱ्यावर दिसलं असेल.

घड्याळजी संध्याकाळी आले. मान खाली, पण का कोण जाणे, अगदीच दुःखी दिसेनात. म्हणाले, मग गुरुवारी येऊ ना वर्गाला? मी म्हटलं, वर्ग बंद. एवढंच म्हटलं आणि दार लावलं, कारण मला रडू फुटत होतं आणि विद्यार्थ्यासमोर मी रडत नसते.

मुलाला फोन करून सांगितलं, रविवारी गाडी घेऊन ये. तो म्हणाला, आई, अगं मी गमतीत... मी म्हटलं, मी गमतीत नव्हते. शब्द म्हणजे शब्द.

रविवार, २९ मार्च

आज फार घडलं. क्रमानं लिहिते.

मुलगा आणि सून आले. पुस्तकं खोक्यांत भरत होतो. मी कपाट ओढलं, त्याचा करकर आवाज घरभर झाला, आणि जिन्यावर धाडधाड पावलं. घड्याळजी दारात, भिंग कपाळावर. खोकी पाहिली, भिंतीवरचा काढून ठेवलेला फळा पाहिला. विचारलं, हे काय? मी काही बोलायच्या आत मुलानं सगळं सांगून टाकलं. आईनं पैज लावली होती, सगळे पास झाले तरच इथे राहणार, पण एक नापास झाला. त्याला काय माहीत हाच तो एक.

घड्याळजी पांढरेफटक पडले. मग सरळ उभे राहिले, वर्गात उभे राहतात तसे, आणि माझ्याकडे बघून म्हणाले:

"आय अ‍ॅम द मॅन हू फेल्ड द टेस्ट, विच वॉज ईझी."

जो परीक्षेत नापास झाला तो माणूस मी, आणि परीक्षा, ती सोपी होती. आधी ओळख, मग नीट थांबून जोड. एवढ्या गडबडीतही मला ते ऐकू आलं, सवयीचा दोष.

"मुद्दाम?" मुलगा म्हणाला. "पण कशासाठी?"

"पास झालो असतो तर वर यायला कारण उरलं नसतं." मग भिंतीकडे हात करून म्हणाले, "ते घड्याळही मुद्दामच मागे पडतं. बाईंचा नियम आहे, इथे खोटं बोलायचं नाही. मला पैजेचं माहीत नव्हतं हो."

मुलगा हातात शब्दकोश धरून तसाच उभा. सूनबाईनं तो त्याच्या हातातून घेतला. "अरे, पुस्तकं परत लाव," ती म्हणाली. तो म्हणाला, पण. ती म्हणाली, "लाव म्हणते ना."

आणि मी? मी म्हटलं, माझ्या पहिल्या निकालाला तुम्ही डाग लावलात, निघा इथून. ते खुर्चीवर चढले, घड्याळ उघडून काहीतरी फिरवलं, आणि निघून गेले.

सोमवार, ३० मार्च

राग राग राग. सकाळपासून येरझाऱ्या घालतेय, मुद्दाम टाचा आपटत. ऐकू देत.

एकेक वाक्य आठवतंय आणि कान तापतायत. ते छप्पर. तो चहा. ती सतरंजी! आणि मी ती वाक्यं माझ्या हातानं फळ्यावर लिहिली, सगळ्यांकडून तीनतीनदा म्हणून घेतली. अख्ख्या वर्गाला ठाऊक, दातवालीला ठाऊक, त्या ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक. रचना बघा म्हणे! शिकवणारी मी आणि अर्थ सोडून सगळं कळलं मला.

दुपारी चहा केला. प्यायला विसरले. गार झाला तेव्हा एकटीच हसत सुटले.

मंगळवार, ३१ मार्च

मुलगा येऊन गेला. मी म्हटलं, पैज माझी होती, सगळे पास व्हायला हवेत. शनिवारी फेरपरीक्षा आहे, तोवर थांब. तो म्हणाला, घरमालकाशी मी बोललोय, आठवडाभर थांबतील. मग जरा घुटमळून म्हणाला, आई, ते घड्याळजी माणूस म्हणून कसे आहेत? मी म्हटलं, विद्यार्थी म्हणून लबाड आहेत. एवढंच विचारतोय, म्हणाला, आणि जिना उतरताना खालच्या दुकानात शिरला. त्याचं हातातलं घड्याळ तर अगदी नवं आहे.

शनिवार, ४ एप्रिल

सकाळी फेरपरीक्षा झाली, परीक्षार्थी एकच म्हणून निकालही लगेच: घड्याळजींना पूर्ण गुण. संस्थेच्या बाई म्हणाल्या, हे तेच गृहस्थ का? कुणाचं वर्णन केलं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीत उभी राहिले. पैज जिंकले, शब्द राहिला, घर राहिलं. दुपारी घरमालकाच्या कागदांवर खरीखुरी सही केली.

सोमवार, ६ एप्रिल

आज नवा वर्ग सुरू होतो! सिस्टरनं हॉस्पिटलातल्या मैत्रिणी धाडल्यात, ड्रायव्हरनं चक्क आपल्या साहेबाला. बाक कमी पडणार. फळा मी स्वतःच पुसला, तिरपा पुसला गेला.

घड्याळजी आले नाहीत. कशाला येतील? पास झालात की सुटलात, हे मीच सांगितलं होतं. शिवाय निघा असंही मीच म्हटलं होतं, तेही सुनेसमोर. भिंतीवरचं घड्याळ त्या रविवारपासून अगदी काटेकोर चालतंय, एक मिनिट मागे नाही की पुढे नाही. इतकं बरोबर चालणारं घड्याळ मी आजवर पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना.

एक खरं वाक्य सकाळपासून जुळवून ठेवलंय. ते ओळखीचं आहे, त्यात स्वल्पविराम नाही, श्वास न घेता म्हणायचं आहे. इथे लिहिणार नाही. वर्गाचा नियम आहे, वाक्य उभं राहून तोंडानं म्हणायचं.

म्हणून आत्ता खुर्ची ओढत नेली, उचलून नव्हे, चांगली करकर वाजवत. वर चढले आणि मोठा काटा मागे सरकवला.

खाली शटर ओढल्याचा आवाज आला. जिना वाजतोय. चहा दोघांचा टाकलाय आणि आज तो गार होऊ द्यायचा नाही.